ओलेडवाला टच मॅकबुक प्रो: अडीच लाख मोजावेत असं त्यात आहे तरी काय?

पेठेतला (धागाकर्ता) · डिसेंबर २०२५

ऑफिसात, लग्नकार्यात, कुठेही जा, एकच प्रश्न: "आत्ता घेऊ, की नव्यासाठी थांबू?" नवा म्हणजे ओलेड पडद्याचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो-विझतो), बोटाने चालणारा मॅकबुक प्रो. ॲपलने त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. ब्लूमबर्गच्या मार्क गर्मनने ऑक्टोबरात दिलेल्या बातमीवर सगळा बाजार गरम आहे. ओलेड, टच, एम६ चिप, पडद्याच्या वरच्या खाचेच्या जागी कॅमेऱ्यापुरतं भोक, २०२६ च्या अखेरीस किंवा २०२७ च्या सुरुवातीला, आणि किंमत आताच्यापेक्षा काहीशे डॉलर जास्त, अशी ती बातमी.

हे "काहीशे" आपल्याकडे किती होतात ते मांडून बघितलं. हा पडदा प्रो आणि मॅक्स चिपवाल्या वरच्या मॉडेलांनाच मिळेल असं मी धरतोय. १४ इंची एम४ प्रो तिकडे १९९९ डॉलर, इथे १,९९,९००. ही किंमत ठरली ऑक्टोबर २०२४ मध्ये, डॉलर ८४ च्या आसपास असताना. आज डॉलर ९० ला टेकलाय. १९९९ गुणिले ९०, वर १८ टक्के जीएसटी, झाले २,१२,२९४. म्हणजे काहीही नवं न देता नुसत्या रुपयाच्या घसरणीने बारा हजार चढले. आता त्यात तीनशे डॉलर घाला: २,४४,१५४. हा सगळ्यात खालचा. स्टोरेज वाढवलं की अडीच लाख पार.

माझं मत: ज्याची रोजीरोटी पडद्यावरच्या रंगांवर नाही, त्याने थांबू नये. आत्ता १,६९,९०० चा एम५ चिपवाला प्रो घ्यावा, किंवा सरळ ९९,९०० ची मॅकबुक एअर. पहिल्या पिढीचं यंत्र घेणं म्हणजे स्वतःच्या पैशाने कंपनीची चाचणी करून देणं. २०१६ चा मॅकबुक प्रो आठवा. टचबार (कीबोर्डावरची टचची पट्टी) आली, मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारं चार्जर) गेलं, एसडी कार्डाची खाच गेली, आणि बटरफ्लाय कीबोर्डात कणभर धूळ गेली की अक्षर अडकायचं. त्या कीबोर्डापायी ॲपलला २०२२ मध्ये अमेरिकेत ५ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. २०२१ च्या १४ आणि १६ इंचीत एचडीएमआय, कार्डाची खाच, मॅगसेफ सगळं गुपचूप परत आलं आणि टचबार गेली. पाच वर्षं ज्यांनी भरभक्कम पैसे मोजून घेतले ते बसले डाँगल जोडत.

कोल्हापुरी कट

दादा, "रोजीरोटी पडद्यावर नाही त्याने" असं म्हणून आम्हाला सोडलंत म्हणून बरं, नाहीतर भांडणच होतं.

मी लग्नाच्या फिल्म कापतो. आताच्या मिनी-एलईडी पडद्याची गंमत सांगतो. १४ इंचीवर ठिपके आहेत जवळपास ५९ लाख, आणि त्यांच्या मागे उजेड कमीजास्त करणारे कप्पे दोन हजारांच्या आसपास. फिल्म सुरू होते तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत "चि." आणि "चि. सौ. कां." येतात ना, त्या प्रत्येक अक्षराभोवती राखाडी धुरकट वलय दिसतं. रात्रीच्या वरातीत गॅसबत्तीभोवती तेच. मला कळत नाही की शूटिंगमध्येच धूसर आलंय की पडदा खोटं बोलतोय. मग फाइल फोनवर टाकायची, फोनवर बघायचं, परत येऊन दुरुस्त करायचं. गिऱ्हाईक शेवटी फिल्म बघणार कशावर? फोनवर, म्हणजे ओलेडवरच. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. काळा म्हणजे काळा.

अडीच लाख जास्त वाटतात कारण तुम्ही ते लॅपटॉपचे म्हणून मोजता. माझा कॅमेरा आणि दोन लेन्स याहून महाग आहेत, तेव्हा कुणी धागा काढला नाही.

तापकीर गल्ली

कटभाऊ, तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे. एक बरा ओलेड मॉनिटर किंवा टीव्ही जोडा, त्यावर रंग तपासा. तो दहा वर्षं भिंतीवर राहील, लॅपटॉप बदलला तरी. पडद्यासाठी अख्खं यंत्र कशाला बदलताय?

मी दुरुस्तीवाला. माझ्याकडे मॅकबुक येतात ते दोनच कारणांनी: आत चहा-पाणी गेलं, नाहीतर पडदा फुटला. पडदा फुटतो कसा, तर कीबोर्डावर काहीतरी राहतं आणि झाकण मिटतात. तांदळाचा दाणा पुरतो. कॅमेऱ्यावर ते सरकतं प्लास्टिकचं झाकण चिकटवतात, त्यानेही फुटतो. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं होतं की तसलं झाकण लावून लॅपटॉप मिटू नका. फुटला की नुसती काच बदलत नाहीत, वरचा अख्खा भाग बदलतात. ओलेड आणि टच दोन्ही त्या भागात गेल्यावर त्याची किंमत काय असेल याचा अंदाज करून ठेवा. आणि टच म्हटलं की लोक दाबणारच.

रॅम सोल्डर, स्टोरेज सोल्डर. स्टोरेज गेलं तर बोर्डाशी खेळावं लागतं. अडीच लाखांच्या वस्तूत एक स्क्रू काढून बदलता येईल असं काही नसावं? २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये एलपीकॅम२ प्रकारची रॅम आहे, पातळ लॅपटॉप आणि तरी काढता-घालता येते. म्हणजे जमत नाही असं नाही, करायचं नाही.

वजाबाकी

मी सीए. दोन गोष्टी.

पहिली, "ॲपल भारतीयांना लुटतं" हे वाक्य यायच्या आत आकडे मांडतो. एम५ ची अमेरिकेतली किंमत १५९९ डॉलर, कर सोडून. ९० ने गुणा: १,४३,९१०. १८ टक्के जीएसटी लावा: १,६९,८१४. दुकानात १,६९,९००. फरक ८६ रुपये! लॅपटॉपवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, मोबाइलसारखं नाही. त्यामुळे आयफोनचं रडगाणं इथे लागू होत नाही. रॅमचंही तेच. १६ ची २४ जीबी करायला तिकडे २०० डॉलर, म्हणजे करासकट २१,२४०, इथे २०,०००. उलट आपल्यालाच स्वस्त.

दुसरी, कटभाऊंसारख्यांचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर २,४४,१५४ मधले ३७,२४४ इनपुट क्रेडिटमध्ये परत येतात. उरलेल्या रकमेवर संगणक म्हणून वर्षाला ४० टक्के घसारा. पगारदाराला यातलं काहीच नाही. एकाच दुकानात, एकाच यंत्राच्या दोघांना दोन किमती पडतात. त्यामुळे "महाग की स्वस्त" याचं एकच उत्तर शोधत बसू नका.

अवांतर: आमच्या धंद्यातल्या कुणी हौसेने घेणार असेल तर टॅलीप्राइम थेट मॅकवर चालत नाही, आत विंडोज बसवावं लागतं. आमच्याच इमारतीत एकाने घेतलाय, टेबलावर छान दिसतो.

पेठेतला

@वजाबाकी, ८६ रुपयांचा हिशेब आवडला, पण तो आजच्या डॉलरवर आहे. एम५ आला तेव्हा डॉलर ८८ होता, त्या भावाने १,६६,०४० होतात. म्हणजे चार हजारांची जागा राखूनच किंमत लावली होती. आणि तिकडच्या पगारात १५९९ डॉलर किती दिवसांचे, इकडे १,६९,९०० किती महिन्यांचे, हे कुठल्या रकान्यात घालणार?

वजाबाकी

पगाराचा रकाना ॲपलच्या वहीत नसतो, साहेब. तो आपल्या वहीत. म्हणून तर विचारायचं की गरज आहे का.

मास्तरीणबाई

पडद्यावरून एवढी चर्चा झाली, टचबद्दल कुणी बोलतच नाही. मी गणित शिकवते. माझा विंडोजचा टच लॅपटॉप मॅकच्या निम्म्या किमतीत आलाय. पडदा पूर्ण मागे वळवते, आडवा टाकते आणि वर्तुळाला स्पर्शिका पेनने काढून दाखवते. मुलं समोर बघत असतात. हे मॅकवर होणार का? बिजागरी मागे वळणार नसेल तर उभ्या पडद्यावर हात अधांतरी धरून किती वेळ लिहिणार? दहा मिनिटांत खांदा भरून येतो. खुद्द स्टीव्ह जॉब्सनेच २०१० मध्ये मंचावरून हे सांगितलं होतं, उभ्या पडद्याला बोट लावायची कल्पना हाताला पेलत नाही म्हणून. आता पंधरा वर्षांनी तेच "नवं" म्हणून विकणार आणि वर त्याचे जास्तीचे पैसे घेणार!

उंटावरचा

बाई, जॉब्सच्या वेळी टच लॅपटॉप म्हणजे छोट्या बटणांवर जाड बोट. आता लोकांच्या हाताला फोनचं वळण लागलंय. आमचा पोरगा मॅकच्या पडद्यावर बोट सरकवतो, काही होत नाही म्हणून माझ्याकडे बघतो. टच म्हणजे दिवसभर लिहायचं असं कुठे आहे? पान वर सरकवायचं, फोटो मोठा करायचा, "ओके" दाबायचं. बाकी कामाला ट्रॅकपॅड आहेच, आणि तसा ट्रॅकपॅड दुसऱ्या कुणाचा नाही.

आणि धागाकर्त्यांचं २०१६ चं उदाहरण एकांगी आहे. २०१२ चा रेटिना मॅकबुक प्रोसुद्धा पहिल्या पिढीचाच होता. तेव्हाही रॅम सोल्डर केली, बॅटरी चिकटवली, यंत्रं उघडून तपासणाऱ्या आयफिक्सइटने दुरुस्तीला दहापैकी एक गुण दिला म्हणून आरडाओरडा झाला. पण तो पडदा एकदा बघितल्यावर जुन्याकडे बघवेना. एम१ देखील पहिल्याच पिढीचा. तो २०२० मध्ये घेतलेले आजही बदलायला तयार नाहीत. पहिली पिढी वाईटच, हा नियम नाही, सोयीचं उदाहरण आहे.

तापकीर गल्ली

एम१ मध्ये फक्त चिप नवी होती, डबा जुनाच आणि पारखलेला. इथे पडदा नवा, टच नवा, अंगही आणखी पातळ करणार म्हणे. २०१६ ला पातळ करण्याच्या नादात १३ इंचीत पडद्याची केबल आखूड पडली, झाकण उघडून-मिटून ती झिजायची आणि खाली उजेडाचे पट्टे दिसायचे. २०१९ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली. ती वॉरंटीत कळत नाही, दीड-दोन वर्षांनी कळते. म्हणून म्हणतो, दुसऱ्या पिढीपर्यंत थांबा.

मध्यमवर्गी

ओलेडचा एक अनुभव. कंपनीचं नाव घेत नाही, विंडोजचा महागातला ओलेड लॅपटॉप घेतला होता. दिवसभर एक्सेल. दोनेक वर्षांत खालच्या पट्टीतल्या चिन्हांचे ठसे पडद्यावर उमटले. सिनेमा लावला की नायकाच्या हनुवटीवर एक्सेलचा हिरवा चौकोन. सर्व्हिस सेंटर म्हणालं, ही "नैसर्गिक झीज", वॉरंटीत बसत नाही. मॅकमध्ये तर वरची मेनूपट्टी आणि खालचा डॉक दोन्ही ठाण मांडून असतात.

कोल्हापुरी कट

@मध्यमवर्गी, आयपॅड प्रोला २०२४ पासून दुहेरी ओलेड आहे, दोन थर एकावर एक. प्रत्येक थराला निम्म्या जोराने पेटवलं तरी उजेड तेवढाच, म्हणून झीज कमी. मॅकलाही तोच देतील असा माझा होरा. डॉक तसाही लपवता येतो.

पेठेतला

बरं झालं आयपॅडचा विषय काढलात. ओलेड आल्यावर ११ इंची आयपॅड प्रो ७९९ वरून ९९९ डॉलरवर गेला. दोनशे डॉलर सरळ. मॅकचा पडदा त्याहून मोठा. म्हणून मी तीनशे धरले.

उंटावरचा

अर्धी गोष्ट सांगू नका. त्याच वेळी सुरुवातीचं स्टोरेज १२८ वरून २५६ जीबी केलं होतं. ते वजा करा, मग पडद्याचे किती उरतात बघा. मॅकलाही सुरुवात १ टीबीने केली तर तुमचे तीनशे डॉलर अंगावर येणार नाहीत.

पेठेतला

"केली तर". हेच ॲपल २०२३ मध्ये १,६९,९०० च्या "प्रो" लॅपटॉपात ८ जीबी रॅम घालून, आमची ८ म्हणजे इतरांच्या १६ सारखी, असं सांगत होतं. वर्षभरात सगळ्या मॅकना १६ केली, किंमत न वाढवता. म्हणजे आधीही परवडत होतं, द्यायची इच्छा नव्हती.

आणि यंदा रॅमचा बाजार बघा. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलल्यामुळे भाव भडकलेत, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर या महिन्यात क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. थांबलो की स्वस्त मिळतं, हे एरवी खरं. यंदा उलटं होईल असं दिसतंय.

वजाबाकी

ज्यांनी रॅम कवडीमोल असतानाही ८ जीबीचे वीस हजार लावले, त्यांच्याकडे भाववाढ गिळायला भरपूर जागा आहे. बाकीच्या कंपन्यांचे हाल होतील, ॲपलचे नाही.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के. १५९९ चे साधारण १७०५ डॉलर, म्हणजे दीड लाखाच्या थोडं वर. भारतापेक्षा सोळा हजार कमी. येणाऱ्या प्रवाशाला एक लॅपटॉप विनाशुल्क आणता येतो. मी पुढच्या वर्षी दिवाळीला येतोय, भाच्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, तर तोवर थांबून हा ओलेडवालाच आणावा असं मनात आहे. नंतर घेतोच आहोत तर चांगलाच घेऊ.

तापकीर गल्ली

दिवाळीपर्यंत आलाच नाही तर? आणि भाचा वर्षभर कशावर काम करणार? ब्रँच कुठली?

जर्सीकर

मेकॅनिकल.

तापकीर गल्ली

मग हा काय न् तो काय, कुठलाच मॅक नको. सॉलिडवर्क्स (यंत्रभागांचे आराखडे काढायचं सीएडी सॉफ्टवेअर) मॅकवर चालत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, रॅमचे दोन स्लॉट असलेला विंडोज लॅपटॉप आत्ताच घेऊन द्या. स्लॉट दोन आहेत ना, ते पावती फाडायच्या आधी बघायला सांगा.

उंटावरचा

सीएडीच्या लॅबमध्ये कॉलेजची मशीन असतात की! पोराला घरी एअर दिली तर बिघडलं कुठे?

तापकीर गल्ली

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबला कुलूप असतं, शहाणे.