प्रति: सहलीने टीममध्ये विश्वास वाढतो का?
वर कुणीतरी लिहिलंय, विश्वास हवा तर टीमला लोणावळ्याला न्या. न्या की, भजी कुणाला नकोत! पण सोमवारी ज्युनिअर साहेबांना 'हे चुकतंय' म्हणू शकतो का, ते बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-चेकलिस्टमध्ये चीर देण्याआधी सर्जनपासून नर्सपर्यंत सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. वरवर पोरकट वाटतं. पण एकदा तोंड उघडलं की 'डॉक्टर, डावा पाय आहे' म्हणायला जीभ अडत नाही. ही अख्खी चेकलिस्ट आठ रुग्णालयांत वापरली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं.

आपल्या ऑफिसात मॅनेजर एकटाच टार्गेट वाचून दाखवतो, बाकीचे माना डोलावतात. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्या वाटणीचं काम आणि तारीख स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. एकच काम दोघांकडे निघालं, तर ते तिथेच कळतं.