क्रूझवरून अँटिग्वा: बाबांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आईबाबांना पनामा कालव्याच्या क्रूझवर नेतोय. बोट एक दिवस ग्वाटेमालात पुएर्तो क्वेट्झलला थांबते. तिथून अँटिग्वा या जुन्या शहरात जायचं, तर बोटीची सहल घ्यावी की बंदरावर गाडी ठरवावी? बाबांचा गुडघा दुखतो, पण जुनी शहरं बघायची त्यांना फार हौस. कुणी जाऊन आलंय का?

—

नमस्कार,

आम्ही मागच्या हिवाळ्यात जाऊन आलो. बोटीचीच सहल घ्या. जायला दीड-दोन तास लागतात आणि वाटेतल्या एस्क्विंतला शहराच्या बाजूला ट्रकांची रांग लागली की गाडी जागची हलत नाही. आम्ही बाहेरची व्हॅन केली होती. परतताना तासभर अडकलो आणि बोट सुटायला वीस मिनिटं उरली असताना धक्क्यावर पोचलो. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपल्या गाडीसाठी थांबत नाही.

शहरात जेमतेम चार तास मिळतात. त्यातला बराच वेळ जेडच्या (हिरव्या मौल्यवान दगडाच्या) दुकानात जातो. गाइडला आधीच सांगून तिथून लवकर निघा आणि तो वेळ कॅथेड्रलच्या मागच्या अवशेषांना द्या. दर्शनी भाग डागडुजी केलेला, पांढराशुभ्र. मागे गेलं की छप्पर नाही, विटांच्या कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आणि खाली खांबांचे भले मोठे तुकडे पडलेले. मी एका तुकड्यावर हात ठेवला, तर चुन्याचा गिलावा अजून बोटांना लागत होता. आजच्या मेक्सिकोतल्या चिआपासपासून कोस्टारिकापर्यंतचा स्पॅनिश कारभार इथून चालायचा. 1773 च्या भूकंपात शहर कोसळलं आणि 1776 मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीत नेली. सगळे गेले नाहीत, म्हणून हे शहर उरलं. मला वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चं आठवली आणि गलबलून आलं.

ला मर्सेद चर्चही चुकवू नका. बुटकं, रुंद, जाडजूड खांबांचं. भूकंप सोसावा म्हणून तसं बांधलं आणि 1773 मध्ये ते टिकलं. पिवळ्या भिंतींवरची पांढरी नक्षी जवळ जाऊन पाहा, नुसत्या रांगोळीसारखी. सांता कातालिनाची कमान तिथून पाच मिनिटांवर. मठातल्या नन्सना रस्त्यावर न येता पलीकडे जाता यावं म्हणून ती बांधलेली.

गुडघ्याचं म्हणाल तर सगळे रस्ते गोट्यांचे, ओबडधोबड. जाड तळाचे बूट आणि काठी हवीच.

—

काकूंच्या मेलला एक जोड. मधल्या चौकात कारंज्याभोवती झाडांखाली बाकं आहेत. बाबांना तिथे बसवा. आभाळ मोकळं असेल तर आग्वा ज्वालामुखी समोर दिसतो. आणि ला युनिऑन बागेतले कपडे धुण्याचे दगडी हौद जरूर पाहा. आम्ही गेलो तेव्हा दोन बायका तिथे कपडे धूत होत्या. आईंना ते फार आवडेल. सुटे डॉलर ठेवा. हातमागाचं कापड विकणाऱ्या बायका ते घेतात आणि मोठी नोट मोडून देणं त्यांना जमत नाही.

—

काकू, दादा, मनापासून आभार. बोटीचीच सहल ठरवली. बाबांना 1773 चं सांगितलं, तर म्हणाले, "दुकानात तुम्ही जा, मला त्या खांबांपाशी सोडा."