मदत हवी आहे: देवघराच्या संगमरवरात रंगीत दगड जडवावेत की काच?

नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी देवघराची मागची भिंत पांढऱ्या मकराना संगमरवराची करायची असून, आग्र्याच्या पच्चीकारीप्रमाणे दगडात खाचा कोरून त्यांत रंगीत तुकडे बसवलेली कमळवेल तिच्यावर असावी, ही सासूबाईंची जुनी इच्छा आहे. एका कारागिराने लाजवर्द (निळा दगड) आणि अकीक या रंगीत दगडांऐवजी रंगीत काच सुचवली आहे. काचेचा निळा रंग झळझळीत दिसतो हे खरे. पण ताजमहालातील फुलांमध्ये अकिकाच्या एकाच पाकळीत फिकटापासून गडदापर्यंत जी छटा उतरते, ती एकरंगी काचेत मला दिसत नाही, आणि माझा जीव तिथेच अडकला आहे.

संगमरवर काचेपेक्षा मऊ असल्याने दोन्हींना एकत्र पॉलिश करताना पृष्ठभाग एकसारखा येतो का? आमच्याकडच्या दमट पावसाळ्यात काचेचे तुकडे सुटत नाहीत ना? लिंबू-चिंचेने संगमरवराची झिलई जाते, हे ठाऊक आहे. मात्र हळद-कुंकवाचे आणि तेलाचे डाग पडू नयेत म्हणून आपण काय करता?

यंत्रावर कापलेला नमुना नको आहे. ठाणे किंवा नवी मुंबईत हाताने जडावकाम करणारे कारागीर कुठे भेटतील, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.