‘मे वेल’, ‘कॅन ऑल्वेज’, ‘कान्ट रिअली’ : सहायक क्रियापदाला चिकटलेली क्रियाविशेषणं

प्रश्न

‘इट मे वेल रेन टुनाइट’ याचं भाषांतर ‘आज रात्री चांगला पाऊस पडू शकतो’ असं केलेलं दिसलं. एका ॲपमध्ये ‘यू कॅन ऑल्वेज चेंज धिस लेटर’ याला ‘तुम्ही हे नेहमी नंतर बदलू शकता’ असं लिहिलंय. शब्द सगळे उतरलेत, तरी दोन्ही वाक्यं खटकतात. कॅन, मे, कुड, मस्ट यांच्या शेजारी वेल, ऑल्वेज, रिअली, पॉसिबली आले की अर्थ कसा लावायचा आणि मराठीत काय लिहायचं?

उत्तर

दोन्ही भाषांतरं चुकली आहेत आणि चूक एकच आहे. क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाचं आहे असं धरलं गेलं, पण इथे ते सहायक क्रियापदाचं आहे. ‘मे वेल रेन’ यातला ‘वेल’ पाऊस चांगला की वाईट याबद्दल काही सांगत नाही. ‘मे’ने जी शक्यता सांगितली तिचं वजन तो वाढवतो. ‘येईल कदाचित’ यापेक्षा जास्त, ‘येणारच’ यापेक्षा कमी. म्हणून ‘आज रात्री पाऊस यायची बरीच शक्यता आहे’.

‘कॅन ऑल्वेज’मध्येही ‘नेहमी’ बहुतेकदा नसतंच. एखादी वाट हाताशी आहे, अडून राहायचं कारण नाही, एवढं तो सांगतो. ‘यू कॅन ऑल्वेज टेक द लेट ट्रेन’ म्हणजे ‘उशिराची गाडी आहेच की’. ॲपमधलं वाक्य ‘हे नंतर केव्हाही बदलता येईल’ असं हवं. मात्र वाक्य सल्ल्याचं नसून क्षमतेचं असेल तर काळाचा अर्थ परत येतो : ‘शी कॅन ऑल्वेज टेल व्हेन यू आर लाइंग’, म्हणजे ‘तू खोटं बोललास की तिला दर वेळी कळतं’.

गुणी अपवाद ‘इझिली’चा. ‘इट कुड इझिली टेक थ्री अवर्स’ म्हणजे ‘तीन तास सहज लागतील’. इथे ‘सहज’ हा शब्द अगदी तेच काम करतो. पण असे जुळे शब्द थोडे. इंग्रजी हे काम वेगळ्या क्रियाविशेषणाकडे देते. मराठी ते क्रियापदाच्या रूपात आणि ‘च’, ‘ही’, ‘तरी’, ‘की’ यांत मुरवते. ‘असेल’, ‘असेलही’, ‘असेलच’, ‘असावा’, ‘असणार’, ‘असणारच’ ही चढती-उतरती माळ हाताशी असताना प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवायचा हट्ट करू नये.

पुरवणी : ‘मे ॲज वेल’

‘मे वेल’ आणि ‘मे ॲज वेल’ यांत गल्लत फार होते. मधला ‘ॲज’ आला की शक्यतेचा अर्थ जातो. उरतो तो नाइलाजाचा किंवा ‘तसंही काही बिघडत नाही’ असा भाव. ‘द लास्ट बस हॅज गॉन, वी माइट ॲज वेल वॉक’ : ‘शेवटची बस गेली, आता चालतच जावं झालं’. हे ‘-वं झालं’ बोलीत रुळलेलं आहे आणि इथे चपखल बसतं. दुसरी छटा ‘नाहीतरी’ने येते : ‘नाहीतरी बाजारात आलोच आहोत, तर भाजी घेऊन जाऊ’. या वाक्प्रयोगात ‘मे’ आणि ‘माइट’ यांत फारसा फरक उरत नाही. ‘माइट’ किंचित अधिक निरिच्छ वाटतो इतकंच.

पुरवणी : ‘पॉसिबली’ आणि ‘शक्यतो’

ही चूक महागात पडते. ‘आय कान्ट पॉसिबली कम ऑन मंडे’ याचं ‘मी सोमवारी शक्यतो येणार नाही’ असं केलं तर पक्का नकार अर्धवट होकार बनतो. ‘शक्यतो’ म्हणजे ‘जमेल तितकं’, ‘होता होईल तो’. ‘कान्ट पॉसिबली’ हा त्याच्या अगदी उलट, सर्वांत जोरदार नकार आहे : ‘सोमवारी येणं मला शक्यच नाही’. तोच शब्द विनंतीत मऊ होतो. ‘कुड यू पॉसिबली मूव्ह युअर कार?’ म्हणजे ‘जमलं तर गाडी जरा बाजूला घ्याल का?’ थोडक्यात, नकारात तो धार आणतो, प्रश्नात अदब. साध्या होकारार्थी विधानात ‘कुड पॉसिबली बी ट्रू’ चालतं, ‘कॅन पॉसिबली बी ट्रू’ कानाला खटकतं.

उपप्रश्न

‘मे पॉसिबली’ ही द्विरुक्ती नाही का? दोन्हींचा अर्थ ‘कदाचित’च.

उत्तर

दिसते तशी नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ साली अशा जोड्यांना सुसंवादी म्हटलं. सहायक क्रियापद आणि क्रियाविशेषण एकाच ताकदीची असली की ऐकणारा दोन शक्यता मोजत नाही, मिळून एकच मोजतो. ‘ही मे पॉसिबली हॅव फरगॉटन’ : ‘विसरला असेल कदाचित’. ‘मस्ट सर्टनली’ त्याच जातीचा : ‘त्याला माहीत असणारच’. ताकद वेगळी असली की मात्र एक दुसऱ्याच्या पोटात जातो. ‘ही सर्टनली मे हॅव फरगॉटन’ याचा अर्थ ‘तो नक्की विसरला’ असा नाही. ‘तो विसरला असेल, ही शक्यता मात्र नक्की आहे’ असा आहे.

हरकत

मग मराठीतही ‘कदाचित पाऊस पडू शकतो’ बरोबर मानायचं का? ‘शकणे’ मुळात क्षमतेचं. ‘पाऊस पडू शकतो’ म्हटलं की पावसाला पडण्याची कला अवगत आहे असं वाटतं. ‘रस्ता बंद असू शकतो’ हेही तसंच. ‘रस्ता बंद असेल कदाचित’ यात काय कमी पडतं?

उत्तर

अर्थात काही कमी पडत नाही, आणि लिहिताना तेच निवडावं. पण ‘असू शकतो’ वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात इतकं पसरलंय की त्याला सरसकट चूक म्हणता येणार नाही. ‘कदाचित’ आणि ‘शकतो’ एकत्र मात्र टाळावेत, कारण मराठीत ‘पडेल’ या एका रूपातच शक्यता आलेली असते.

उपप्रश्न

क्रियाविशेषणाची जागा बदलली की अर्थ बदलतो का? ‘रिअली कान्ट’ आणि ‘कान्ट रिअली’ यांत गोंधळ होतो.

उत्तर

बदलतो, आणि नकारात तर फार. क्रियाविशेषण नकाराच्या आधी आलं तर ते नकाराला जोर देतं. नंतर आलं तर नकारच त्याला गिळतो.

‘आय रिअली कान्ट से’ : ‘मला खरंच सांगता येत नाही’. ‘आय कान्ट रिअली से’ : ‘तसं नक्की काही सांगता येणार नाही’. पहिल्यात दार बंद, दुसऱ्यात किलकिलं. ‘आय रिअली शुडन्ट’ हे मिठाईचं ताट पुढे आल्यावरचं ‘नको, खरंच नको’; ‘आय शुडन्ट रिअली’ म्हणजे ‘खरं तर खाऊ नये...’ आणि पुढे हात जाण्याची शक्यता मोठी.

‘जस्ट’ आणि ‘सिंप्ली’ यांत फरक आणखी ठळक. ‘यू जस्ट कान्ट लीव्ह’ : ‘तुला जाताच येणार नाही’. ‘यू कान्ट जस्ट लीव्ह’ : ‘असा कसा उठून जाशील?’ दुसऱ्यात जायला मनाई नाही. न सांगता, तसंच उठून जायला आहे.

‘प्रॉबेबली’चा नियम याच कारणाने ठरतो. ‘शी विल प्रॉबेबली कम’, पण ‘शी प्रॉबेबली वोन्ट कम’. ‘वोन्ट’मध्ये नकार सहायकाला चिकटलेला असल्यामुळे, त्याला कवेत घ्यायचं तर ‘प्रॉबेबली’ आधीच यावं लागतं. ‘वोन्ट प्रॉबेबली’ म्हणूनच बिनसतं. नकार सुटा केला की मधली जागा परत मिळते : ‘विल प्रॉबेबली नॉट कम’. सहायकं दोन असतील तर पहिल्याच्या लगेच नंतर : ‘विल प्रॉबेबली हॅव लेफ्ट’. कृती कशी झाली हे सांगणारं क्रियाविशेषण मात्र मुख्य क्रियापदाजवळच राहतं : ‘शुड हॅव बीन केअरफुली चेक्ड’.

पुरवणी

नियमावल्या भाषांतरित करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. ‘मे नॉट’ दुटप्पी आहे : ‘विझिटर्स मे नॉट एंटर’ म्हणजे मनाई, ‘ही मे नॉट कम’ म्हणजे शक्यता. मध्ये ‘वेल’ घातला की मनाईचा अर्थ उरतच नाही. ‘ही मे वेल नॉट कम’ हे फक्त ‘तो बहुधा यायचा नाही’. आणि ‘मे नॉट ऑल्वेज वर्क’ला ‘नेहमी चालू शकत नाही’ असं लिहू नये, कारण ते कधीच चालत नाही असंही वाचता येतं. ‘दर वेळी चालेलच असं नाही’. ‘-लच असं नाही’ ही आपली रचना इतकी नेमकी आहे की ती विसरून ‘शकत नाही’कडे जाण्याचं काही कारणच नाही.

उपप्रश्न

‘कॅन हार्डली’?

उत्तर

‘हार्डली’ स्वतःच नकारी आहे, म्हणून सोबत दुसरा नकार नको. ‘आय कान्ट हार्डली हिअर’ हे प्रमाण इंग्रजीत चूक. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ : ‘मला धड ऐकू येत नाहीये’. नकाराची खूण शेवटच्या शेपटीत दिसते : ‘यू कॅन हार्डली ब्लेम हिम, कॅन यू?’ वाक्य नकारी असल्यामुळेच शेपूट होकारी आहे. इथे अर्थ कष्टाचा नाही, युक्तिवादाचा आहे. मराठीत प्रश्नच शोभतो : ‘त्याला दोष तरी कसा देणार?’

पुरवणी : ‘वुड रादर’, ‘हॅड बेटर’

दोन्हींचा नकार ‘रादर’ आणि ‘बेटर’ यांच्यानंतर लागतो : ‘वुड रादर नॉट गो’, ‘हॅड बेटर नॉट गो’. ‘हॅड बेटर’ला ‘गेलेलं बरं’ इतकं सौम्य करू नये. न ऐकल्यास काही वाईट होईल हा इशारा त्यात असतो. ‘यू हॅड बेटर सी अ डॉक्टर’ : ‘डॉक्टरला दाखवच, नाहीतर अंगाशी येईल’.

‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’ यात उद्याची गोष्ट असून क्रियापद भूतकाळी का, हा प्रश्न मराठी माणसाला पडायला नको. ‘उद्या आलास तर बरं’ यातलं ‘आलास’ही रूपाने भूतकाळीच आहे.