नव्या मोबाईलवर सूचनेचा दिवा लुकलुकत नाही – मदत हवी आहे

जाते_आणि_पीठ : गेल्या आठवड्यात मोबाईल बदलला. संदेश आल्यावर लुकलुकणारा दिवा नव्यावर कोठेच सापडत नाही. तो कसा चालू करावा, हे कृपया लवकर सांगावे. आवाज वाढवण्याचा सल्ला नको.

तिसरा_मजला : मोबाईल कोणता, पडदा एलसीडी (मागच्या प्रकाशाने सगळा एकदम उजळणारा) की अ‍ॅमोलेड, हे आपण लिहिलेच नाही. दिवा मुळात बसवलेलाच नसेल, तर तो सेटिंगमधून कसा येणार? सॅमसंगच्या २०१८ च्या एस९ मध्ये तो होता, २०१९ च्या एस१० मध्ये नाही. पडद्याभोवतीची चौकट अरुंद होत गेली आणि दिव्याला जागा उरली नाही.

निशाचर : जागेपेक्षा गरज संपली, असे माझे मत आहे. अ‍ॅमोलेडमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि काळा भाग जवळजवळ वीज घेत नाही, त्यामुळे बंद पडद्यावरही सूचना सतत दाखवता येतात. मी तेच वापरतो.

तिसरा_मजला : गरज आपली संपली असेल. ते बारीक चिन्ह जवळ जाऊन पाहावे लागते. दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत असे.

सदाशिव_पेठी : चार्जिंगचा दिवा लागत नसेल, तर आधी केबल बदलून पाहावी.

जाते_आणि_पीठ : प्रश्न चार्जिंगचा नाही. माझी पिठाची गिरणी आहे. ती चालू असताना घंटी ऐकू येत नाही आणि गल्लाच थरथरत असल्यामुळे व्हायब्रेशनही कळत नाही. गिऱ्हाइकांचा हिरवा आणि घरचा तांबडा, असे रंग मी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लावले होते. पडदा एलसीडी आहे, अँड्रॉइड १४.

निशाचर : मग स्मार्ट घड्याळ घ्या.

जाते_आणि_पीठ : गिरणीच्या फिरत्या पट्ट्याजवळ काम करताना मी मनगटावर काहीही बांधत नाही.

तिसरा_मजला : हे आधी सांगायला हवे होते. अँड्रॉइड १४ मध्ये सूचनेसाठी कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकवण्याची सोय आहे. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये शोधा आणि मोबाईल पालथा ठेवा. मात्र तो संदेश येतानाच चमकतो, आपण पाहीपर्यंत लुकलुकत राहत नाही. जुना मोबाईल विकला का?

जाते_आणि_पीठ : नाही, पडदा तडकला आहे, पण चालतो.

तिसरा_मजला : मग तोच गल्ल्यावर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप २०२३ पासून एकाच खात्याला दुसरा फोन जोडू देते. नव्या मोबाईलचे हॉटस्पॉट द्या आणि रंग पुन्हा लावा.

सदाशिव_पेठी : केबल मात्र चांगली घ्यावी, तो दिवसभर चार्जिंगला राहील.