मदत हवी: पावसात पिकअपचे फॉग लाइट मंद होऊन विझतात, फ्यूज शाबूत आणि रिलेही वाजतो

नमस्कार मंडळी,

गाडी एक टनी पिकअप, डिझेल, १२ व्होल्टची. आजऱ्याहून भाजी भरतो आणि पहाटे आंबोलीमार्गे सावंतवाडी, कधी पुढे बांद्यापर्यंत जातो. जुलै-ऑगस्टमधलं आंबोलीचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पुढची एसटी वीस पावलांवर असली तरी तिचे मागचे लाल दिवे दिसत नाहीत. अप्पर मारला की सगळा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. डिपरवरही फार फरक पडत नाही. बंपरखालचे फॉग लाइट चालू असले तरच कडेची पांढरी पट्टी आणि दरीकडचा कठडा नजरेत राहतो. त्यामुळे हे दिवे माझ्यासाठी सजावट नाहीत. ते गेले की मागे दहा क्विंटल माल घेऊन वळणावर अंदाजाने गाडी वळवावी लागते. समोरून दिवा नसलेली दुचाकी येत असेल तर तिलाही मी दिसत नाही.

गाडीला मुळात फॉग लाइट नव्हते, बाहेरून बसवून घेतलेत. एच-११ हॅलोजन, प्रत्येकी ५५ वॅट. तयार हार्नेस (वायरींचा जोडलेला संच), चार पिनी रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), १५ अँपिअरचा पातीचा फ्यूज, करंट थेट बॅटरीवरून. डॅशबोर्डवर स्विच आहे आणि रिलेला इशारा पार्किंग लाइटवरून दिलाय. पहिला पावसाळा दिवे उत्तम चालले. यंदा मात्र दोन त्रास सुरू झालेत.

पहिला त्रास: डावा दिवा पावसात सुरुवातीपासूनच पिवळट, मंद असतो. डावा इंडिकेटर दिला की त्याच ठेक्यात फॉग लाइटही थरथरतो. घाटात बरेच जण चारही इंडिकेटर लावून चालवतात. मी लावले तरी हेच होतं.

दुसरा त्रास जास्त काळजीचा आहे. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर दोन्ही दिवे एकदम उतरतात आणि विझतात. स्विच बंद करून थोडा वेळ थांबलं की परत लागतात. स्विच दाबताना रिलेचा ‘टक’ आवाज प्रत्येक वेळी येतो. फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे. पण तो ज्या प्लास्टिकच्या घरात बसतो ते एका बाजूने वितळून तपकिरी पडलंय.

आतापर्यंत रिले नवा घातला आणि दोन्ही बल्ब बदलले. वायरमनने बल्बचा कपलर (बल्बला वायर जोडणारा प्लग) काढून मीटर लावला, १२.४ व्होल्ट आले. तो म्हणाला, सप्लाय पूर्ण येतोय, बल्बच हलके आहेत. नव्या बल्बनेही तेच झालं. इंडिकेटरबरोबर दिवा थरथरतो म्हणून माझा संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जाण्याच्या जोडणीवर आहे. पण अर्थिंग खराब असेल तर फ्यूजचं घर का वितळावं? ते मला जुळत नाही. आणि वितळण्याइतकी उष्णता झाली तर फ्यूज का उडला नाही? घरी मल्टिमीटर आहे, तो वापरता येतो. काय, कुठे आणि कसं मोजू ते सांगा. पूर्ण वायरिंग नवं करायची तयारी आहे, पण आधी दोष नक्की कळला पाहिजे.

प्रतिसाद

दादा, हॅलोजन काढा आणि एलईडी बल्ब टाका. १५-२० वॅटमध्ये काम होतं, लोड कमी, फ्यूज गरम होणार नाही. पिवळा रंग घ्या, धुकं फाडतो.

प्रतिसाद

वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय, कुडाळकडे. आधी तुमच्या प्रश्नांकडे येतो, मग एलईडीकडे.

तुमच्या गाडीत दोष एक नाही, दोन आहेत, म्हणून जुळत नाही. दोन्ही दिवे एकदम जातात म्हणजे दोघांच्या सामाईक वाटेत अडथळा आहे. ती वाट म्हणजे बॅटरी, फ्यूज, रिलेची ३० आणि ८७ नंबरची पिन (दिव्यांचा करंट आत येण्याची आणि बाहेर जाण्याची), आणि तिथून फाटा फुटेपर्यंतची वायर. रिले नवा आहे, घर वितळलंय, तेव्हा पहिला संशयित फ्यूज होल्डर. एकटा डावा मंद आहे आणि इंडिकेटरशी बांधला गेलाय, तो दोष त्या दिव्याच्या परतीच्या वाटेत. डावा फॉग आणि डावा इंडिकेटर एकाच बोल्टवर अर्थ केलेले असणार. तो बोल्ट गंजला की दोघांचा करंट तिथे अडतो आणि एकाचा भार दुसऱ्याला जाणवतो.

फ्यूज का उडाला नाही? फ्यूज फक्त करंट ओळखतो. दोन ५५ चे ११० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर. १५ चा फ्यूज शांतच बसणार. होल्डरच्या पात्या सैल झाल्या, त्यावर ओल बसून कार्बन धरला, की तिथे थोडा रोध तयार होतो. ०.१ ओहम धरा. ९ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे ८ वॅट उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक मऊ होतं, पात्यांची पकड आणखी सुटते, रोध वाढतो, उष्णता वाढते. करंट मात्र उलट कमी होत जातो. म्हणून फ्यूज शाबूत आणि घर जळालेलं. थांबल्यावर थंड होऊन पाती पुन्हा टेकते आणि दिवे लागतात. हे पुढे आगीपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा होल्डर बदलेपर्यंत ते दिवे वापरू नका.

आता १२.४ व्होल्टचं. कपलर काढून मोजलं की मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोजायचं ते दिवे चालू ठेवून, बल्ब जोडलेला असताना, कपलरच्या मागून पिन घालून. गाडी सुरू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं डाव्या दिव्याच्या काळ्या वायरवर. ०.२ च्या आत आलं तर अर्थ चांगला. मग उजव्याचं बघा. नंतर फ्यूज होल्डरच्या दोन टोकांवर आणि रिलेच्या ३०-८७ वर. तिथेही आकडा किरकोळच हवा. जिथे व्होल्ट अडकलेले दिसतील तिथे दोष. पाऊस नसेल तर त्या जागी बाटलीने पाणी मारून मोजा, कोरड्यात हे दोष लपतात.

हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. त्यामुळे एका व्होल्टचा दोषही घाटात चांगलाच जाणवतो.

एलईडीबद्दल: लोड कमी झाल्याने दोष झाकला जाईल, जाणार नाही. शिवाय तुमच्या दिव्याचा आरसा हॅलोजनच्या तारेची जागा धरून बनवलाय. त्यात एलईडी घातला की उजेडाची वरची कडा फुटते, उजेड वर पसरतो आणि धुकंच उजळतं. फॉग लाइटचं सगळं काम त्या सरळ कडेवर आणि कमी उंचीवर चालतं. पिवळ्याचं म्हणाल तर धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा काहींच्या डोळ्यांना सौम्य वाटतो, तेवढ्यासाठी घ्यायचा तर घ्या.

प्रतिसाद (धागाकर्ता)

काका, अगदी सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. काल दुपारी पावसातच मोजलं. गाडी सुरू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट. उजव्या दिव्याचा अर्थ ०.१५, डाव्याचा २.३! इंडिकेटर दिला की तो आकडा वरखाली नाचत होता. रिलेवर जवळपास काहीच नाही. फ्यूज होल्डरवर सुरुवातीला ०.९ होते, दहाएक मिनिटांत दोनच्या वर गेले आणि वास यायला लागला, म्हणून लगेच बंद केलं.

डावा अर्थ बोल्ट काढला. खाली बंपरच्या ब्रॅकेटचा रंग तसाच होता, रंगावरच थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) आवळलेलं. धातूला टेकत होते ते फक्त बोल्टचे आटे, आणि ते गंजलेले. होल्डर कापला तर वायर आत हिरवी-काळी. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत गेलो, चांगली वीतभर गेली.

आता दोन्ही दिव्यांसाठी २.५ चौरस मिलिमीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्यावी असं मनात आहे. इंडिकेटरचा अर्थ वेगळा, पत्रा घासून करतो. बरोबर आहे का? आणि डाव्या दिव्याच्या काचेत आतून वाफ धरते, तिथे सिलिकॉन मारून पूर्ण बंद करू का?

प्रतिसाद

वायरचं अगदी बरोबर. टोकाला थिंबल क्रिंपिंगच्या पकडीनेच दाबा, वरून हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). नुसती काळी टेप आंबोलीच्या पावसात टिकत नाही. होल्डर रबरी झाकणाचा घ्या आणि बॅटरीच्या शक्य तेवढा जवळ बसवा, कारण फ्यूजच्या अलीकडची, बॅटरीकडची वायर बॉडीला घासली तर तिला कुणीच वाचवत नाही. रिलेच्या पिना खाली तोंड करून ठेवा, वर तोंड असलं की पाणी त्यातच साचतं. कपलरला जाणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलावरून गळून जाईल. इंडिकेटरच्या बोल्टवर घासलेल्या पत्र्याला आवळल्यावर पेट्रोलियम जेली लावा.

सिलिकॉन काचेच्या कडेला चीर असेल तरच. दिव्याच्या मागे हवा जायला बारीक नळी किंवा भोक असतं, ते बुजवू नका. गरम झालेली हवा तिथूनच बाहेर जाते. ते बंद केलं की आतली ओल आतच राहते आणि आरशाची चकाकी जाते. बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका.

प्रतिसाद (धागाकर्ता)

सगळं तसंच केलं. नव्या वायरवर डाव्याचा अर्थ ०.१ आला, उजव्याचाही तेवढाच. होल्डरवर मीटर जेमतेम हलतो. आज पहाटे आंबोली गाव ते दाणोली चांगला धोधो पाऊस होता. दोन्ही दिवे खाली उतरेपर्यंत एकसारखे चालले, इंडिकेटर दिला तरी थरथर नाही. दाणोलीला होल्डर हाताने चाचपला, कोमटही नव्हता.

डाव्या दिव्याच्या मागची नळी चिखलाने बुजलेली निघाली, ती साफ केलीय. वाफ अजून थोडी आहे. आरशावर डाग दिसतायत, उघडीप मिळाली की दिवा खोलून बघतो. चकाकी गेली असेल तर एकच नवा घेऊन चालेल, की उजेड सारखा राहावा म्हणून जोडी बदलावी?

प्रतिसाद

आधी वाळू द्या, मग भिंतीसमोर सपाट जागेवर गाडी लावून दोन्ही उजेड बघा. वरची कडा दोघांची एका उंचीवर आणि तेवढीच रेखीव असेल तर काहीच बदलू नका. डाव्याची कडा पुसट असेल तर तो एकच बदला, फक्त त्याच बनावटीचा मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर जोडी घ्या. आणि भिंतीवरचा हा तपास माल भरलेला असताना करा. पिकअप मागे बसली की पुढचे दिवे वर बघतात, रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग घाटात उपयोगी पडत नाही.