स्थानिक पॅच सांभाळून डेबियनचं पॅकेज अपडेट कसं करायचं?

बिल्डघर: डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एका पॅकेजमध्ये आम्हाला दोन छोटे बदल (पॅच) लागतात. अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ प्रकल्पाला पाठवलेत, अजून मर्ज झालेले (मूळ कोडमध्ये घेतलेले) नाहीत. सध्या सोर्स उतरवून फाइल थेट बदलतो, बिल्ड करतो आणि पॅकेज होल्डवर टाकतो, म्हणजे त्याचं अपडेट रोखून धरतो. त्यामुळे सिक्युरिटी अपडेटही अडकतात. नीट पद्धत काय?

क्विल्टकर: दोन बदलांचे दोन वेगळे पॅच करा. एकत्र केले तर उद्या त्यातला एक मर्ज झाल्यावर सोडवत बसावं लागेल.

क्विल्टला (पॅच सांभाळणारं टूल) पॅचचं फोल्डर 'डेबियन/पॅचेस' म्हणून दाखवा आणि 'क्विल्ट पुश -ए' ने आधीचे पॅच चढवा. मग 'क्विल्ट न्यू', 'क्विल्ट ॲड', आणि त्यानंतरच फाइल उघडा. हा क्रम उलटला की क्विल्ट तुमची बदललेली फाइलच मूळ धरतं आणि रिफ्रेशनंतर (बदल पॅचमध्ये नोंदवल्यावर) पॅच रिकामा निघतो. 'क्विल्ट एडिट' वापरलंत तर ही भानगडच नाही. शेवटी 'रिफ्रेश' आणि 'पॉप -ए' (सगळे पॅच उतरवणं). पॅचच्या वर बदलाचं कारण आणि तो अपस्ट्रीमला पाठवलाय का, एवढं लिहाच.

टिल्ड: आवृत्तीला शेपूट काय लावता ते बघा. १.२-३ ला '+लोकल१' जोडलंत आणि सिक्युरिटीची १.२-३+डेब१२यू१ आली, तर रोमन अक्षरक्रमात डी एलच्या आधी असल्यामुळे तुमचीच आवृत्ती मोठी ठरते. मग होल्ड काढूनही एप्ट (पॅकेज बसवणारं टूल) ते अपडेट घेत नाही, आणि तक्रारही करत नाही. '+~लोकल१' लावा. टिल्ड (~) हे चिन्ह सगळ्यांत खाली धरलं जातं, त्यामुळे ही आवृत्ती १.२-३ च्या वर आणि सिक्युरिटीच्या खाली बसते. 'डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स' ने ताडून बघा.

बिल्डघर: म्हणजे सिक्युरिटी अपडेट आलं की आमचा पॅच जाणार?

टिल्ड: हो, आणि माझ्या मते तेच बरं. पॅचशिवाय सेवा चालतच नसेल तरच होल्ड ठेवा, पण मग नव्या सोर्सवर नजर ठेवणारं रोजचं क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) हवंच.

क्विल्टकर: नव्या सोर्सवर पॅच अडला तर साधा पुश तो पॅच पूर्ण मागे घेतो, न बसलेल्या बदलांची '.रेज' फाइलही उरत नाही. 'पुश -एफ' करा, '.रेज' बघून हाताने दुरुस्त करा, मग रिफ्रेश. पुशने 'फझ' (आजूबाजूच्या ओळी नेमक्या जुळत नाहीत) सांगून पॅच चढवला तरी रिफ्रेश कराच, कारण सोर्स पॅकेज बनवणाऱ्या डीपीकेजी-सोर्सला फझ अजिबात चालत नाही, बिल्ड तिथेच थांबतं. आणि पॅच आधीच लागलाय असं दिसलं, तर नव्या सोर्समध्ये बदल खरंच आहे ना ते उघडून बघा, मगच 'क्विल्ट डिलीट'.